वीतभर तार

आजोबा : ओढ.

टकळी : ओढू? आणि तुटली तर?

आजोबा : तुटायला आत काही उरलं असेल तर तुटेल ना. दोन्ही टोकं चिमटीत धर आणि ओढ.

टकळी : ई! आजोबा, ही ताणली जातेय! च्युइंगमसारखी! वरून धडधाकट आणि आत काहीच नाही?

आजोबा : आतलं तांबं वितळलं. वरचं कातडं नुसतं फुगतं, पेट घेत नाही. म्हणजे लिंक गेली. रविवारी एक, आज दुसरी.

टकळी : पण सकाळी नवी कोरी लावली होती आपण! तुम्ही सांगितलं तश्शी, बॅटरीपासून निघणाऱ्या जाड वायरीत वीतभर तुकडा, मी माझ्या हातानं दाबला, कथलाचा डाग दिला. इंजिन चालू झालं, मी नाचले, आणि फुस्स! रविवारी सिग्नलला झालं तसंच. दिवे गेले, हॉर्न गेला, सगळे काटे पडले, अख्खी गाडी एका दमात मेली.

आजोबा : तुझा डाग चांगला होता. लिंकचाही दोष नाही. पुढे कुठेतरी वायर पत्र्याला टेकतेय आणि सगळा करंट तिथून पळतोय. लिंक मुद्दाम बारीक तारेची करतात. मागची जाड वायर तापायच्या आत ती जळून जाते आणि बाकीची गाडी वाचते.

टकळी : बिचारी.

आजोबा : बिचारी कसली? तेवढ्यासाठीच तर ठेवलीय तिला. डब्यात किती तुकडा उरलाय बघ.

टकळी : एक. एकच! आणि तोही वीतभर... माझ्या वितीनं. तुमच्या वितीनं तर नाहीच.

आजोबा : तुझ्या वितीनं चालेल.

टकळी : आणि हा पण गेला तर? मी सायकलवरून पटकन जाऊन आणते ना. कुठल्या दुकानात मिळते ही?

आजोबा : जिथे मिळायची ते दुकान माझंच होतं.

टकळी : अरे हो.

मामा : वास येतोय. परत काहीतरी जळलं ना?

टकळी : मामा! तू फाटकापाशी फोनवर होतास ना?

मामा : नाक इथपर्यंत पोचतं माझं. विमा कंपनीसाठी सतरा वर्षं जळालेल्या गाड्या बघत फिरतोय मी. हा वास मला झोपेतसुद्धा ओळखू येईल. नाना, पावणेदोन झाले.

आजोबा : घड्याळ आहे भिंतीवर.

मामा : तीनला टोइंगवाला येतोय. आपलं काय ठरलं होतं?

आजोबा : तूच सांग. तुला पाठ आहे.

मामा : तीनच्या आत इंजिन चालू. सगळे दिवे लावून गाडी जागेवर दहा मिनिटं चालली, धूर नाही, वास नाही, तर टोइंगवाला रिकामा परत. नाही चालली तर आज ही भंगाराच्या यार्डात. रविवारी संध्याकाळी तुम्ही स्वतः हो म्हणालात.

टकळी : रविवारी आजोबा घाबरलेले होते! घाबरलेल्या माणसाचं हो धरतात का?

मामा : मीही घाबरलो होतो, बाळा. मागच्या सीटवर माझी मुलगी होती. पाच वर्षांची आहे छोटी. धुरात खोकत होती आणि दार उघडत नव्हतं.

टकळी : ते तिनंच आतून बटण दाबून...

आजोबा : टकळे.

टकळी : गप्प बसते.

मामा : तिला गप्प करू नका, नाना. तिला समजावून सांगा. चाळीस वर्षं ज्यानं लोकांच्या गाड्यांची वायरिंग केली, त्याला स्वतःच्या गाडीतला दोष चार दिवसांत सापडत नाही, ह्याचा अर्थ काय होतो?

आजोबा : तुझा फोन वाजतोय.

मामा : वाजू दे.

आजोबा : घे की. कुणाची तरी जळली असेल.

मामा : सव्वा तास आहे तुमच्याकडे. मी बाहेर आहे.

टकळी : गेला. बापरे, आजोबा, तुम्ही पण ना! कुणाची तरी जळली असेल म्हणे!

आजोबा : खालच्या खणातून लाल वायर काढ. जाड आहे ती.

टकळी : ही? ही तर साधी वायर आहे.

आजोबा : मला माहितीये ती काय आहे.

टकळी : मग हिचं काय करायचं?

आजोबा : लिंकच्या जागी लाव. डायरेक्ट. दहा मिनिटं निघायला हवीत, बस. तो ट्रक गेला की काढून टाकू आणि मग सावकाश दोष शोधू.

टकळी : मी वाट बघतेय तुम्ही हसाल म्हणून.

आजोबा : हसण्यासारखं काय आहे?

टकळी : आजोबा, तो खिळेवाला आठवतोय? मी नव्हते तेव्हा, पण तुम्ही मला शंभरदा सांगितलंय. त्यानं फ्यूजच्या जागी खिळा बसवला होता, आणि तुम्ही त्याची गाडी हातातसुद्धा घेतली नाहीत. चावी परत दिलीत, हात जोडलेत आणि म्हणालात, पेटवायचीच असेल तर दुसऱ्याच्या दारात पेटव.

आजोबा : तो रोज चालवणार होता. इथे दहा मिनिटांचा प्रश्न आहे.

टकळी : सकाळी वीस सेकंदांत फुस्स झालं! दहा मिनिटांत वीस-वीस सेकंद किती बसतात? तीस! आणि आता मध्ये लिंक नाही, म्हणजे जळणार काय? अख्खी वायरिंग. ती पण मामासमोर. त्याच्या त्या नाकासमोर!

आजोबा : एखादे वेळी नाही टेकणार वायर. नशीब असतं.

टकळी : हे तुम्ही बोलताय?

आजोबा : हो, मीच बोलतोय! ही गाडी यार्डात गेली तर सकाळी उठून मी करायचं काय, ते सांग. दुकान बंद झालं, तुझी आजी गेली, वर्तमानपत्रातलं अक्षर लागत नाही. सात वाजता ह्या गॅरेजचं दार उघडतो, फडकं घेतो, तेवढंच एक काम उरलंय माझ्याजवळ. लाव ती वायर.

टकळी : नाही.

आजोबा : मी सांगतोय तुला.

टकळी : ओरडा. खूप ओरडा. पण नाही. दीड वर्षं तुम्ही मला शिकवताय आणि मला एवढं एकच नीट येतं. गणितात मी काठावर, पोहायला गेले की बुडते, गायला लागले की आई दार लावून घेते. पण वायरिंग मला येतं! वर्गात सगळ्यांना माहितीये, हिला वायरिंग येतं. आता तेच चोरून करायला लावू नका ना.

आजोबा : ...किती वाजले?

टकळी : एक पंचावन्न.

आजोबा : ठेव ती खणात. आणि वरच्या फळीवरचा बल्ब आण. हेडलाइटमधला आहे, दोन वायरी लावून ठेवलेला.

टकळी : हा?

आजोबा : हाच. लिंकच्या जागी तो जोड. एक टोक बॅटरीकडे, एक गाडीकडे. आता जो करंट जाईल तो बल्बातून जाईल. कुठे वायर पत्र्याला टेकली तर बल्ब ढणढणा पेटेल, पण जळणार काही नाही.

टकळी : वा! म्हणजे बल्ब आपला हेर! हे आधी का नाही केलं?

आजोबा : काल केलं. तू शाळेत होतीस. दोन तास स्टुलावर बसून त्याच्याकडे बघत होतो, पेटलाच नाही. गाडी उभी असली की वायर टेकत नाही. इंजिन धडधडलं, सगळं हललं, की टेकते. म्हणजे एकानं वायरी हलवायच्या आणि दुसऱ्यानं बल्ब बघायचा. मला काही वाकून आत शिरता येत नाही.

टकळी : मी शिरते! मी कुठेही मावते! ...पण बल्ब तुम्हाला दिसेल ना?

आजोबा : हेडलाइट आहे तो, काजवा नाही.

टकळी : बरं बरं. बॅटरी जोडली. पेटला नाही.

आजोबा : इंजिनापासून सुरुवात कर. एकेक जुडगा धर आणि हलव. ओढायचं नाही.

टकळी : स्टार्टर.

आजोबा : नाही.

टकळी : डायनॅमो. ...हॉर्न. ...डावा दिवा. ...उजवा.

आजोबा : नाही, नाही. घाई करू नको. प्रत्येक वायरीला दोन श्वास दे.

टकळी : माझे श्वास आत्ता फार लहान आहेत, आजोबा.

मामा : नाना! टोइंगवाल्याचा फोन होता. लवकर निघालाय म्हणे. अडीचपर्यंत पोचेल.

टकळी : अडीच? मामा, त्याला सांग वाटेत चहा घे, जेव, झोप!

मामा : तो माझा भाऊ लागतो का?

टकळी : मी आत जाते आता, डॅशबोर्डखाली. तिकडून हलवते.

आजोबा : जा. पाय बाहेर ठेव, दार लागायला नको.

टकळी : ...

आजोबा : हलवतेस ना?

टकळी : ...

आजोबा : टकळे!

टकळी : तोंडात टॉर्च होता! दातांत धरलाय. दोन हात वायरींना लागतात. काट्यांच्या मागचा जुडगा हलवला.

आजोबा : नाही.

टकळी : वायपर.

आजोबा : नाही.

टकळी : चावीच्या मागचा. इथे लागलं तर मी कोणालाही काहीही द्यायला तयार आहे.

आजोबा : नाही. जरा डावीकडे सरक, तिथे... पेटला!

टकळी : काय?

आजोबा : पेटला! गेला. काय हलवलंस आत्ता?

टकळी : काहीच नाही! मी सरकत होते. माझं कोपर लागलं कशाला तरी.

आजोबा : तेच कोपर परत लाव.

टकळी : इथे?

आजोबा : नाही.

टकळी : इथे?

आजोबा : पेटला! हलू नको. टॉर्च मार तिथे. काय दिसतंय?

टकळी : एक निळी वायर. पत्र्याच्या भोकातून मागच्या बाजूला गेलीय. आणि भोकाला रबराची कडी नाही, आजोबा! नुसता पत्रा. धार थेट वायरीला घासतेय. कातडं सोललंय, तांबं चमकतंय.

आजोबा : रबर न घालता पत्र्यातून वायर नेली? कुठल्या गाढवाचं काम आहे ते? निघते कुठून बघ. फ्यूजच्या पेटीतून?

टकळी : नाही. जाड वायरीलाच जोडलीय. फ्यूजच्या आधीच.

आजोबा : वा रे कारागीर! म्हणून फ्यूज सगळे शाबूत आणि जळते ती लिंक. पण हा शहाणा आला कुठून? तीस वर्षांत मी ही गाडी कोणाच्या हातात दिली नाही.

टकळी : ...

आजोबा : टॉर्च गेला का परत तोंडात?

टकळी : नाही.

आजोबा : मग गप्प का झालीस? तू गप्प झालीस की मला धडकी भरते.

टकळी : काही नाही. जोडावरची टेप बघतेय.

आजोबा : टेपमध्ये काय बघायचंय?

टकळी : काही नाही म्हटलं ना. टेप आहे. काळी.

मामा : काय सापडलं? पेटला पेटला म्हणून ओरडत होतात.

टकळी : सापडलं, मामा! उंदीर!

मामा : उंदीर?

टकळी : म्हणजे उंदीर नाही, उंदराचे दात. दातांच्या खुणा! एक वायर कुरतडून ठेवलीय मेल्यानं. आता उंदरापुढे कोणाचं काय चालणार, तूच सांग. चाळीस वर्षं अनुभव असो नाही तर चारशे!

मामा : गाड्यांत उंदीर होतात. तसे दावे येतात आमच्याकडे. सरक, मला बघू दे.

टकळी : नको! म्हणजे, तुझा शर्ट पांढरा आहे आणि इथे ग्रीस आहे, आणि वहिनी... म्हणजे मामी मला ओरडेल.

आजोबा : मामीची वहिनी झाली? बॅटरी सोडव. ती निळी वायर जोडासकट कापून बाहेर काढ. मला दे.

टकळी : तुम्हाला दिसणार नाही, आजोबा. सगळी ग्रीसनं माखलीय.

आजोबा : माझ्या बोटांना दिसतं. आण.

टकळी : ...घ्या.

मामा : काय झालं, नाना? एवढं काय चाचपताय?

आजोबा : टेपचं शेवटचं टोक दुमडलंय.

मामा : मग?

आजोबा : टोक दुमडून ठेवलं की पुढच्या कारागिराला नखानं सोडवता येते. मला माझ्या उस्तादानं शिकवलं. मी हिला शिकवलं. तिसरं कोणी करताना मी पाहिलं नाही. ...टकळे, ही वायर तू लावलीस?

टकळी : हो. मीच. मला शिक्षा करा.

आजोबा : कशाची आहे ती?

टकळी : कशाची म्हणजे?

आजोबा : तू लावलीस ना? मग सांग, कुठे जाते?

टकळी : मागे.

आजोबा : मागे छोटीचा दिवा आहे. तिला गाडीत चित्रांचं पुस्तक बघायला लावलेला. तेव्हा तू शाळेच्या सहलीला गेली होतीस. परत येऊन गाल फुगवून बसलीस, की माझ्याशिवाय का केलंत.

टकळी : पण उंदीर...

आजोबा : उंदीर टेप दुमडत नाही, बाळा.

मामा : म्हणजे रविवारचं सगळं...

आजोबा : माझ्या हातचं काम. फ्यूजच्या पेटीवरचे आकडे लागेनात मला, म्हणून जाड वायरीला जोडून टाकली. म्हटलं, उद्या पेटीतून घेऊ. तो उद्या राहून गेला. आणि रबर घातल्याचं मला स्वच्छ आठवतंय. अजूनही आठवतंय.

मामा : छोटी आत होती, नाना.

आजोबा : हो.

मामा : नुसतं हो?

आजोबा : दुसरं काय म्हणू? तिला पुस्तक दिसावं म्हणून...

मामा : कशासाठी ते नका सांगू मला!

टकळी : मामा, पण लिंकनं वाचवलं ना! वीतभर तार जळाली म्हणून बाकीचं काही...

मामा : तू मध्ये पडू नकोस. उंदीर म्हणे! नाना, मला कशाचा राग येतोय माहितीये? तुम्हाला आकडे दिसत नव्हते, तर मला सांगायचं. दर रविवारी येतो मी. "जरा एवढे आकडे वाचून दाखव." एवढंच वाक्य. पण नाही. ह्या गाडीतलं मला काही विचारायचं नाही हे ठरलेलंच आहे. आठवीत असताना मी बॉनेट उघडलं तर तुम्ही माझ्या हातातला पाना हिसकावून घेतलात.

आजोबा : बॅटरी जोडलेली होती. पाना दोन्हीकडे टेकला असता तर हात भाजला असता तुझा.

मामा : हे आज कळतंय मला! तेव्हा तुम्ही म्हणालात, "हे तुझं काम नाही." बस. त्यानंतर मी हिच्यात बसलो तो शेजारच्या सीटवर. चावी कधी हातात घेतली नाही. आणि ह्या टकळीला मात्र सगळं शिकवलंत.

टकळी : मी हट्ट केला म्हणून.

मामा : मीही केला होता.

टकळी : हा हॉर्न... ट्रकचा आहे का?

मामा : हो. आला तो.

आजोबा : ने म्हणावं त्याला.

टकळी : आजोबा!

आजोबा : ज्याला रबर घातलं की नाही ते आठवत नाही, त्यानं गाडी ठेवू नये. बरोबर आहे तुझं. ने म्हण.

टकळी : नाही! दोन पस्तीस झालेत फक्त! तीन ठरलेत! दोष सापडलाय, तुकडा डब्यात आहे, मला येतं, मी करते! मामा, ठरलेलं तूच म्हणून दाखवलंस ना मघाशी? मग पाळ की! ...मामा, कुठे चाललास?

मामा : ट्रकवाल्याकडे. तीन म्हणजे तीन, तोवर फाटकात उभा राहा म्हणून सांगतो. आणि माझ्या गाडीतून मोठा टॉर्च आणतो. तुझा तो दातांत धरायचा टॉर्च बघवत नाही.

टकळी : आजोबा, असं बसू नका. काहीतरी सांगा. चुकतेय म्हणा. तुम्ही चुकतेय म्हटलं नाहीत की मी खरंच चुकते.

आजोबा : जाड वायरीवर जिथे जोड होता ती जागा उघडी आहे. आधी ती झाक.

टकळी : झाकली. टेप गुंडाळली. दुमडली पण.

मामा : हा टॉर्च. कुठे मारू?

टकळी : इथे. खाली. अजून खाली. माझ्या नाकात नको रे, वायरीवर!

मामा : हात स्थिर राहत नाहीये.

आजोबा : कोपर मडगार्डवर टेकव.

मामा : असं?

आजोबा : असंच. आता राहील.

टकळी : तुकडा एकच आहे हं. टोक सोलताना जरा जास्त गेलं ना, तर तो पुरणार नाही, आणि मग आपण सगळे...

आजोबा : मग बोलत बोलत सोलू नको.

टकळी : सोललं. नळी घातली. दाबली. ओढून बघते... घट्ट! दुसरं टोक. मामा, श्वास घे. तू श्वास रोखून धरलायस.

मामा : तूही.

आजोबा : आता डाग. आधी तार तापू दे, कथील आपलं आपण आत जाईल. वरून थापायचं नाही.

टकळी : जातंय... जातंय... गेलं! आजोबा, चकाकतंय बघा, आरशासारखं!

आजोबा : फुंकर मारू नको. त्याचं ते थंड होऊ दे.

मामा : दोन त्रेपन्न.

आजोबा : बॅटरी जोड.

टकळी : जोडली. ठिणगी नाही.

आजोबा : बस सीटवर. गिअर सुटा आहे ना बघ. फिरव चावी.

(इंजिन दोनदा कुरकुरतं, मग चालू होतं. पुढचे, मागचे, आतले, सगळे दिवे लागतात.)

टकळी : पंधरा... अठरा... वीस! वीस सेकंद झाले! सकाळी इथेच मेली होती!

मामा : नऊ मिनिटं चाळीस सेकंद राहिले.

टकळी : मामा, तू किती दुष्ट आहेस!

आजोबा : उतर. लिंकच्या कातड्यावर बोट ठेव. गरम लागतंय?

टकळी : कोमट. नाही, थांबा... थंडच आहे. माझंच बोट कोमट आहे.

मामा : तीन मिनिटं.

आजोबा : इंजिन थोडं रेस कर कोणीतरी. हलू दे सगळं. टेकायचं असेल तर आत्ता टेकू दे.

मामा : मी? बसू आत?

टकळी : बस, मामा, बस!

मामा : पाच. ...थांबा. वास येतोय.

टकळी : कसला वास? नाही येत!

मामा : येतोय. जळका. नाना, बंद करतो!

आजोबा : थांब! करंटचा काटा जागेवर आहे? वाचून दाखव मला.

मामा : काटा... मधोमध. हललेला नाही.

आजोबा : नीट बघितलंस?

मामा : नीट बघितलं. अगदी मधोमध.

आजोबा : मग गाडीत काही जळत नाहीये. मागे बघा.

टकळी : अगं आई गं! फडकं! मी डाग द्यायची गन फडक्यावर ठेवली! विझ, विझ, मेल्या, विझ!

मामा : तू गाडी दुरुस्त करतेस आणि गॅरेज पेटवतेस?

टकळी : विझलं! हा वास धरायचा नाही, मामा! हा फडक्याचा आहे, गाडीचा नाही!

मामा : धरत नाही. सात मिनिटं.

टकळी : आता मी काही बोलणार नाही. एक शब्दसुद्धा नाही. बघाच तुम्ही.

मामा : आठ.

टकळी : अजून आठच?

मामा : नऊ. ...दहा.

टकळी : दहा! दहा! आजोबा, दहा!

आजोबा : बंद कर. पेट्रोल जातंय.

टकळी : मामा? ट्रक?

मामा : ठरलं ते ठरलं. रिकामा जाईल. पण नाना...

आजोबा : तुझा तो "पण" मीच सांगतो. दोन्ही डोळ्यांवर पडदा येतोय. डॉक्टरांनी सांगून आठ महिने झाले. रविवारी सिग्नल कुठल्या रंगाचा होता ते मी पुढची गाडी थांबली त्यावरून ओळखलं.

टकळी : आठ महिने? आणि मला पण नाही सांगितलंत?

आजोबा : तुला सांगणं म्हणजे सगळ्या गल्लीला सांगणं. मी आता चालवणार नाही. इथे बसेन, पुसेन, हिला शिकवेन. चालवणार नाही.

मामा : मग ही उभीच राहणार. उभ्या गाडीत उंदीर होतात. खरे.

आजोबा : उभी कशाला राहील? हात पुढे कर.

मामा : कशाला?

आजोबा : कर तर.

टकळी : घे ना, मामा! चावी आहे ती, विंचू नाही!

मामा : नाना, मला ही येत नाही चालवायला. हिचा गिअर स्टिअरिंगला आहे. मी आयुष्यात तसला टाकला नाही.

आजोबा : मी शेजारी बसतोय. टकळे, त्या ट्रकवाल्याला फाटकातून मागे हो म्हणावं. आम्हाला बाहेर पडायचंय.

टकळी : आम्हाला म्हणजे मी पण! मी मागे बसते! अहो ट्रकवाले! मागे, मागे घ्या! आमची गाडी निघतेय!

मामा : सीट फार पुढे आहे.

आजोबा : खाली खटका आहे. उजव्या बाजूला.

मामा : हं. सरकली. फिरवू चावी?

आजोबा : थांब. आधी आरसा तुझ्या उंचीला लावून घे. तो माझ्या मापाचा आहे.